सिंहपुच्छ माकड आणि वाघाटी : एकाच सह्याद्रीत एक धोक्यात आणि दुसरी सुखरूप, असे का?

भोगावतीकाठ (मूळ लेख)

नमस्कार.

माझी भाची येथे कोल्हापुरात प्राणिशास्त्र शिकते. तिने विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देता येईना, म्हणून हा धागा काढत आहे. प्रश्न असा : आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत सिंहपुच्छ माकड 'संकटग्रस्त' या वर्गात आहे आणि वाघाटी ही ठिपक्यांची लहान रानमांजरी 'किमान चिंता' या वर्गात आहे. दोघांचीही वस्ती पश्चिम घाटात आहे, दोघांनाही दाट, ओलसर जंगल मानवते आणि दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे कवच आहे. मग जंगलतोडीचा घाला एकावर इतका जड आणि दुसरीवर त्या मानाने हलका का पडला?

माझे मत आधीच सांगून टाकतो. प्राणी किती बळकट, किती चपळ किंवा किती हुशार यावर हे ठरलेले नाही. माकडाची वाट झाडांच्या शेंड्यांवरून जाते आणि शेंडे एकमेकांपासून दूर झाले की त्याच्यापुढे दुसरी वाट उरत नाही. वाघाटीची वाट जमिनीवरून, झुडपांतून, ओढ्याच्या काठाने, प्रसंगी उभ्या पिकातूनही जाते. बाकीच्या बहुतेक गोष्टी या एका फरकातून निघतात असे मला वाटते.

आधी माकडाविषयी सविस्तर लिहितो, कारण आपल्या जिल्ह्यात ते नसल्यामुळे पुष्कळांनी ते केवळ छायाचित्रातच पाहिलेले असते. अंगावर काळीभोर, चकचकीत केस, काळ्या चेहऱ्याभोवती रुपेरी-करड्या केसांची भरघोस आयाळ आणि शेपटीच्या टोकाला झुबका, असे त्याचे रूप आहे. मोठा नर सुमारे ५ ते १० किलो वजनाचा असतो आणि मादी त्याहून बरीच लहान असते. हे माकड जगात केवळ केरळ, तमिळनाडू आणि कर्नाटक या तीन राज्यांतील पश्चिम घाटात आढळते. तेथील सगळी मिळून प्रौढ माकडे २,५०० पेक्षाही कमी असावीत असा अंदाज आहे आणि तीही सलग एका जंगलात नाहीत, तर अनेक तुटक तुकड्यांत विखुरलेली आहेत.

या माकडाचे जवळजवळ सारे आयुष्य झाडावर जाते. आपल्या परिसरातील लाल तोंडाची माकडे रस्त्यावर, देवळाच्या पायऱ्यांवर, गडाच्या तटबंदीवर जशी बिनधास्त बसतात, तसे अखंड जंगलातले सिंहपुच्छ माकड सहसा बसत नाही. त्याची टोळी साधारण १० ते २० जणांची असते, तीत बहुधा एकच प्रौढ नर असतो आणि त्याची दूरवर ऐकू जाणारी हाक शेजारच्या टोळ्यांना अंतर राखायला लावते. फळे हे मुख्य अन्न. त्याला कीटक, कोळी, झाडबेडूक, पक्ष्यांची अंडी यांची जोड. दक्षिणेकडील जंगलांत कुलेनिया नावाच्या काटेरी फळांच्या झाडावर ही माकडे फार अवलंबून असतात, कारण इतर फळे नसतात त्या दिवसांत या झाडाची फुले आणि बिया त्यांना तारतात. सदाहरित जंगलात फळे एकाच जागी वर्षभर मिळत नाहीत. आज या झाडाला बहर, महिन्याने पलीकडच्या दरीत दुसऱ्याला. म्हणून एका टोळीलासुद्धा काही चौरस किलोमीटरचे सलग जंगल लागते. मध्ये चहाचा मळा आला, रस्ता आला, धरणाचे पाणी आले की तेवढ्या महिन्यांची भाकरी तुटते.

आता यात प्रजननाचा वेग मिळवून पाहा. मादीला पहिले पिल्लू साधारण साडेसहा वर्षांची झाल्यावर होते, एका वेळी एकच होते आणि दोन पिल्लांमध्ये सुमारे अडीच वर्षांचे अंतर असते. अशा प्राण्याची एखादी मादी रस्त्यावर गाडीखाली सापडली, तर तिची जागा भरून यायला किती काळ जाईल याचा हिशेब ज्याने त्याने करावा. शिकारीमुळे ज्या जंगलांतून ही माकडे गेली, तेथे झाडे उभी असूनही ती सहज परतलेली नाहीत, याचे कारणही हेच आहे.

सायलेंट व्हॅलीचे नाव येथे घेतलेच पाहिजे. केरळातील कुंतीपुळा नदीवर जलविद्युत प्रकल्पासाठी धरण बांधण्याचे ठरले होते आणि त्यात सदाहरित जंगलाचा गाभा पाण्याखाली जाणार होता. केरळ शास्त्र साहित्य परिषद, कवयित्री सुगतकुमारी, डॉ. सलीम अली अशा अनेकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि सिंहपुच्छ माकड त्या आंदोलनाचा चेहरा झाले. १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, धरण झाले नाही. एका माकडाच्या निमित्ताने संपूर्ण नदीखोरे वाचले, ही आपल्या देशातील पर्यावरण चळवळीतील फार मोठी गोष्ट आहे आणि नव्या पिढीला ती ठाऊक असावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता वाघाटी. येथे लेपर्ड कॅट या नावाने ओळखली जाणारी, पिवळसर अंगावर गडद ठिपके असणारी रानमांजरी मला अभिप्रेत आहे. आकार घरच्या मांजराएवढा, पाय थोडे लांब. नाकापासून कपाळाकडे जाणाऱ्या दोन पांढऱ्या रेघा आणि कानांच्या मागच्या काळ्या भागावर एक-एक पांढरा ठिपका ही तिची खूण. तिचा प्रदेश पाहिला की थक्क व्हायला होते. पाकिस्तान-हिमालयापासून चीन, कोरिया, रशियाच्या अतिपूर्वेचे बर्फाळ जंगल आणि जपानची दोन लहान बेटे, इतका तो पसरला आहे. सुमात्रा, जावा, बोर्निओकडील मांजरांना २०१७ पासून वेगळी जात मानले जाते, तरीही उरलेला प्रदेश प्रचंड आहे.

तिचे मुख्य खाणे उंदीर. जोडीला सरडे, पाली, लहान पक्षी, बेडूक, किडे. उंदीर जेथे असतील तेथे ती पोट भरू शकते. आग्नेय आशियातील तेलताडाच्या लागवडीत उंदीर माजतात आणि या मांजरी तेथेही टिकून आहेत. चीनमधील शान्शी प्रांतात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्तीत मांजराची हाडे सापडली, तेव्हा ती आजच्या पाळीव मांजराच्या पूर्वजांची असावीत असे आधी वाटले. पुढील तपासणीत ती लेपर्ड कॅटची निघाली. धान्याची कोठारे आली, उंदीर आले आणि त्यांच्यामागे ही रानमांजरी वस्तीच्या कडेला आली. माणसाच्या शेजाराचा फायदा करून घेण्याचा तिचा गुण इतका जुना आहे. पिलांचेही तसेच : गर्भकाळ ६० ते ७० दिवसांचा, एका वेतात बहुधा दोन-तीन पिल्ले आणि ती वर्षभराच्या आतबाहेर प्रजननक्षम होतात.

तरीही 'किमान चिंता' हा शिक्का वाचून निर्धास्त होणे मला योग्य वाटत नाही. जपानच्या इरिओमोते बेटावर याच जातीची जी मांजरे आहेत, ती जेमतेम शंभरच्या घरात उरली असून त्यांच्या जिवावर उठलेले मोठे कारण म्हणजे रस्त्यावरील वाहने. तेथील रस्त्यांखालून त्यांच्यासाठी मुद्दाम भुयारी वाटा केल्या आहेत. शिक्का साऱ्या जगाचा असतो, संकट मात्र एकेका जागेचे असते. आपल्या घाटातील वाघाटीची जागा कोणती, यावर जाणकारांनी लिहावे.


गगनबावडेकर

लेख आवडला. एक शंका आहे. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्या परड्यामागे दिवसासुद्धा अंधार वाटावा असे रान आहे, फणस, जांभूळ, उंबर सगळे आहे. मग सिंहपुच्छ माकड आमच्याकडे का नाही? पूर्वी होते आणि संपले, की कधी नव्हतेच?


भोगावतीकाठ

प्रश्न महत्त्वाचा आहे. जुन्या नोंदींत या माकडाची उत्तरेकडील सीमा गोव्याच्या आसपास सांगितली जाते. आज त्याच्या उत्तरेकडील टोकाच्या मोठ्या टोळ्या कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात, सिरसी-होन्नावर भागात आहेत. आपल्या जिल्ह्यात त्याची पक्की नोंद नाही.

पावसाचे मिलिमीटर मोजून याचे उत्तर मिळत नाही, कोरडे महिने मोजावे लागतात. केरळच्या दक्षिण भागात उन्हाळी वळीव आणि परतीचा पाऊस धरून कोरडा काळ दोन-तीन महिन्यांचा राहतो. घाटाने जसजसे उत्तरेकडे यावे तसतसा तो वाढत जातो आणि आपल्याकडे दसरा-दिवाळीनंतर जे आभाळ कोरडे होते, ते थेट वळवापर्यंत. सात महिन्यांच्या कोरड्या काळात झाडे पाने राखून ठेवू शकतात, पण मांसल फळांचा पुरवठा बाराही महिने राहत नाही. गगनबावडा, राधानगरी, आंबा येथील जंगल म्हणूनच निमसदाहरित आहे. पाने खाऊन भागवणारे वानर येथे सुखाने राहते. फळांवर जगणाऱ्या आणि झाडावरून न उतरणाऱ्या माकडाला मात्र हे वर्ष फार लांब पडते.

तिलारीच्या बाजूला उतरले की चित्र थोडे बदलते. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे येथे जायफळाच्या कुळातील झाडांची मिरिस्टिका दलदल आहे आणि सिंहपुच्छ माकडांच्या उत्तर कन्नडमधील जंगलात अशाच दलदली ठिकठिकाणी आहेत. झाडांचे नाते आपल्या दारापर्यंत आले आहे, माकड मात्र आलेले नाही.


सिरसीची सून

माझे माहेर कोल्हापूरचे, शुक्रवार पेठेतले, आणि सासर सिरसीजवळच्या एका खेड्यात आहे, म्हणून येथे लिहिण्याचा मोह आवरत नाही. आमच्या सुपारीच्या बागेमागे जे राखीव रान आहे, त्याला येथे 'बेट्ट' म्हणतात; बागेला लागणारा पालापाचोळा आणि हिरवी पाने तेथून आणण्याचा बागायतदारांना हक्क असतो. त्या रानात ही माकडे येतात. भोगावतीकाठ यांनी कुलेनियाच्या झाडाविषयी लिहिले आहे, पण ते झाड आमच्याकडे उगवत नाही. येथील टोळ्या इतर फळांवर जगतात आणि त्यांपैकी एक फळ माणसांनाही हवे असते. ते म्हणजे उप्पगे. आपल्या कोकमाचे हे भावंड, फळ पिवळे आणि खाचाखाचांचे.

ऐन पावसात उप्पगे पिकते. गावातील माणसे झाडाखाली टोपल्या घेऊन जातात, फळे फोडतात, सालींचे तुकडे वेगळे करतात आणि चुलीवर बांधलेल्या मांडवावर धूर देऊन वाळवतात, कारण त्या दिवसांत ऊन नसतेच. सालीला व्यापाऱ्याकडून रोख पैसे मिळतात आणि बियांपासून तूप काढतात. म्हणजे फळही जंगलातले आणि ते वाळवायला लागणारे सरपणही जंगलातले. अधिक पैशांच्या ओढीने काही जण पिकण्याची वाट न पाहता फांद्याच तोडून फळे पाडतात, आणि पुढच्या वर्षी त्या फांदीवर ना माकडाला काही उरते ना माणसाला.

एकदा टोळी अगदी जवळून पाहता आली. एक मादी उप्पग्याचे फळ दोन्ही हातांत धरून दातांनी साल ओढत होती, आतला गर बियांसकट तोंडात घालत होती आणि साल खाली टाकत होती. गालाच्या पिशव्या दोन्ही बाजूंनी टम्म फुगल्या होत्या. पोटाला बिलगलेल्या पिल्लाचा चेहरा अजून फिकट होता, आयाळ आलेली नव्हती. खाली पडलेल्या त्या साली माझ्या सासूबाईंनी निवडून टोपलीत घेतल्या. माकडाला गर हवा, आम्हाला साल हवी, असे त्यांचे म्हणणे. पूर्वीची माणसे असेच वेचून आणत, झाडावर चढत नसत.

२०११ मध्ये येथे अघनाशिनी नदीच्या खोऱ्यात सुमारे ३०० चौरस किलोमीटरचे सिंहपुच्छ माकड संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले. अभयारण्य म्हटले की लोकांना गाव उठवतील अशी भीती वाटते. या प्रकारात गावे आहेत तेथेच राहतात. सुरुवातीला आमच्याकडेही कुरबुर होती, परंतु नदीवर मोठे प्रकल्प येऊ नयेत असे वाटणाऱ्यांना या माकडाचा आधार वाटला, हेही तितकेच खरे आहे.


भोगावतीकाठ

सिरसीच्या ताई, हा प्रतिसाद म्हणजे या धाग्याचे सार्थक आहे. फळाच्या वाटणीचा मुद्दा माझ्या लेखात आलाच नव्हता. वाघाटीच्या बाबतीत ही वाटणी उलटी आहे : तिला जे हवे ते उंदीर शेतकऱ्याला नकोच असतात.


चंदगडी

उलटी वाटणी हा शब्दप्रयोग पटला, म्हणून आमच्याकडचा अनुभव लिहितो. आमचा ऊस ओढ्याला लागून आहे. ऊसतोडीच्या वेळी तोडकरी एका बाजूने आत शिरतात, तसतसे फडातले प्राणी उरलेल्या उसात सरकत जातात आणि अखेरच्या काही सऱ्यांमध्ये सगळे कोंडले जातात. ससे, मुंगूस, घोणस, कधी उदमांजर. दोन हंगामांपूर्वी याच अखेरच्या पट्ट्यात, पाचटाच्या जाड थराखाली एका बाईंना तीन पिल्ले दिसली. डोळे नुकतेच उघडलेले, अंगावर ठिपक्यांच्या ओळी, हात पुढे केला की फिस्कारत होती. सगळ्यांचे पहिले म्हणणे हे की बिबट्याची पिल्ले आहेत, आणि फडात एकच पळापळ झाली.

मुकादम समजूतदार होता. त्याने काम थांबवले आणि वनविभागाला फोन केला. वनरक्षक आले, त्यांनी पिल्ले पाहून बिबट्या नाही हे लगेच सांगितले, पिल्ले पाचटासकट उथळ क्रेटमध्ये ठेवली आणि क्रेट सापडल्या जागेपासून थोड्याच अंतरावर बांधाच्या आडोशाला ठेवून सगळ्यांना लांब जायला लावले. अंधार पडल्यावर आई आली आणि एकेक करून पिल्ले मानेला धरून ओढ्याकडे घेऊन गेली. वनरक्षकांनी लावलेल्या कॅमेऱ्यात ते दिसले. त्या रात्रीसाठी ओढ्याकडच्या चार सऱ्या आम्ही तशाच उभ्या ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तोडल्या. गाडी भरायला थोडा उशीर झाला, एवढेच.

आता प्रश्न : ही वाघाटी आणि धाग्यातली वाघाटी एकच का? कारण आमच्यात ठिपक्यांचे कोणतेही रानमांजर वाघाटीच.


प्राणिशास्त्र_शिक्षिका

चंदगडीदादा, आपल्या भागात ठिपक्यांच्या दोन मांजरी आहेत. एक लेपर्ड कॅट, जिच्याविषयी हा धागा आहे. दुसरी रस्टी स्पॉटेड कॅट, जी जगातील सर्वांत लहान मांजरांपैकी एक असून प्रौढ झाल्यावरही दीड किलोच्या आसपासच राहते. ती भारत, श्रीलंका आणि नेपाळ एवढ्याच देशांत आहे, तिला कोरडे पानझडी रान आणि शेतीचा मुलूख अधिक मानवतो आणि पश्चिम महाराष्ट्रातील उसाच्या फडात तिची पिल्ले सापडतात. लाल यादीत ती 'संकटसमीप' वर्गात आहे. प्रौढ प्राणी दिसला तर शेपटी पाहावी : लेपर्ड कॅटच्या शेपटीवर ठिपके आणि टोकाकडे वलये स्पष्ट असतात, रस्टी स्पॉटेडची शेपटी जवळजवळ साधी असते. डोळे नुकते उघडलेल्या पिल्लांवरून मात्र छायाचित्राशिवाय सांगणे धाडसाचे होईल. ओढा, घाटमाथ्याची जवळीक आणि ओलसर रान पाहता चंदगडमध्ये दोन्ही शक्य आहेत.

भोगावतीकाठ यांनी घाटातील वाघाटीची जागा कोणती असे विचारले आहे. २०१० मध्ये भारतातील साधे रानमांजर (जंगल कॅट) आणि लेपर्ड कॅट यांच्या जनुकीय रचनेची तुलना करणारे संशोधन प्रसिद्ध झाले. विष्ठेच्या नमुन्यांतून मिळालेल्या डीएनएवरून असे दिसले की साधे रानमांजर देशभर बऱ्यापैकी सलग पसरलेले आहे, पण लेपर्ड कॅटचे भारतात दोन वेगळे गट आहेत : एक उत्तरेकडे, हिमालयाच्या पायथ्याशी, आणि दुसरा पश्चिम घाटात. मध्य भारतातील कडक उन्हाळा तिला सोसत नाही, त्यामुळे हे दोन गट एकमेकांपासून तुटलेले आहेत.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा अशी माझी विनंती आहे. रशियापासून पसरलेला तो मोठा प्रदेश आपल्या घाटातील वाघाटीच्या मदतीला येऊ शकत नाही. येथील संख्या घटली तर भरून काढायला बाहेरून मांजरी येणार नाहीत. तिचा पट्टा पश्चिमेला कोकणाची उतरण आणि पूर्वेला दख्खनचे तापलेले पठार यांच्यामध्ये अरुंद आहे, आणि तापमान वाढत गेले तर पूर्वेकडची कड आणखी आत सरकेल. सिंहपुच्छ माकड बेटावर अडकले आहे हे सर्वांना दिसते. वाघाटीही बेटावरच आहे, फक्त तिचे बेट मोठे असल्यामुळे काठ दिसत नाही.


पन्हाळा_रोड

मी थोडा वेगळा विचार मांडतो, कोणाला दुखवण्याचा हेतू नाही. ज्या राज्यात ते माकड नाही, तेथील लोकांनी त्याची काळजी का वाहावी? आमच्याकडे माकडांनी भुईमूग, मका, केळी काही ठेवले नाही. परसातले पपईचे झाड मी तोडून टाकले. माकड वाचवा असे कोणी म्हटले की शेतकऱ्याच्या कपाळाला आठ्या पडणारच.


भोगावतीकाठ

आपला त्रास खरा आहे आणि तो बाजूला सारून पुढे जाता येणार नाही. पिकात उतरणारे आपल्याकडचे लाल तोंडाचे माकड म्हणजे टोपी माकड, बॉनेट मॅकाक. डोक्यावर केसांचा भांग पाडल्यासारखा गोल भोवरा असतो ते. ते भारताच्या दक्षिण द्वीपकल्पाबाहेर कोठेच नाही आणि लाल यादीत आता तेही 'असुरक्षित' वर्गात आले आहे. उत्तरेकडचे ऱ्हीसस माकड दक्षिणेकडे सरकत असून त्याच्या रेट्यापुढे टोपी माकडाचा प्रदेश आकसत चालला आहे. म्हणजे धोक्यातील माकड पाहायला आपल्याला केरळात जाण्याची गरज नाही, ते पन्हाळ्याच्या तटावर बसलेले आहे. मात्र शेतात त्याची संख्या वाढल्यासारखी वाटणे आणि एकूण प्रदेशात ती घटणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण रानातले खाणे संपले की उरलेली माकडे पिकाजवळ गोळा होतात.

याचा सर्वांत स्पष्ट दाखला सिंहपुच्छ माकडाचाच आहे. तमिळनाडूत अनमलाई डोंगरात वालपराई गावाला लागून पुदुथोट्टम नावाचा जंगलाचा लहानसा तुकडा आहे, चारी बाजूंनी चहाचे मळे. तेथील माकडांना बाहेर जाता येईना. त्यांची संख्या त्या तुकड्यातच वाढत जाऊन शंभरावर गेली आणि जे माकड झाडावरून उतरत नाही असे मी वर लिहिले, तेच तेथे रस्त्यावर उतरले, घरांच्या कौलांवर आले, स्वयंपाकघरातले भात-भाजी खाऊ लागले आणि गाड्यांखाली मरू लागले. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या कार्यकर्त्यांनी आणि वनविभागाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना जोडणारे टांगते पूल बांधले, माकडे ते वापरूही लागली. परंतु एकदा घरात शिरण्याची सवय लागलेल्या टोळीला फणसाच्या झाडावर परत पाठवणे फार कठीण असते. संकटग्रस्त प्राणी असा उपद्रवी ठरला की त्याच्या बाजूने बोलणारे माणूस गावात मिळत नाही.

आपल्या जिल्ह्यासाठी यातून घेण्यासारखे हे की माकडाला खायला घालणे बंद झाले पाहिजे. पन्हाळा, जोतिबा, घाटातील वळणे, जेथे जेथे गाडी थांबवून बिस्किटे आणि केळी टाकली जातात, तेथून ही सवय खालच्या शेतापर्यंत पोहोचते. पपईचे झाड तोडावे लागणे ही त्याची किंमत आपण मोजलीत.


पन्हाळा_रोड

खायला घालण्याबद्दल पूर्ण सहमत. रविवारी वाघबीळापासून वर ते दृश्य नेहमीचेच झाले आहे. टोपी माकडच धोक्याच्या यादीत गेले आहे हे मला माहीत नव्हते.


गगनबावडेकर

मग वाघाटीसाठी आम्ही नेमके काय करावे? माकडासाठी झाडे जोडायची हे कळले. मांजरीसाठी काय जोडायचे?


प्राणिशास्त्र_शिक्षिका

ओढे. घाटमाथ्यावरून पूर्वेकडे येणाऱ्या प्रत्येक ओढ्याच्या दोन्ही काठांवर करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज आणि खाली करवंदी-घाणेरीची जाळी असते. तेवढी पट्टी राखली तरी जंगलातून शेतापर्यंत आणि शेतातून पुढच्या रानापर्यंत मांजरीला आडोसा मिळतो. वालपराईत चहाच्या मळ्यांमधून जाणाऱ्या ओढ्यांच्या काठी राहिलेल्या झाडीचा लहान मांसाहारी प्राणी कसा उपयोग करतात, हे तेथील अभ्यासकांनी नोंदवले आहे. आपल्याकडे बांध साफ करण्याच्या हौसेने ओढ्याची कड जेसीबीने खरवडून काढली जाते, ते मला सर्वांत जास्त खटकते. २०२०-२१ मध्ये आजरा-भुदरगड, चंदगड, गगनबावडा, विशाळगड, पन्हाळगड ही संवर्धन राखीव क्षेत्रे जाहीर झाली आहेत, पण ती वनखात्याच्या जमिनीची आहेत. त्यांना एकमेकांशी जोडणारे ओढे आपल्या सातबारावर आहेत.

दुसरे, पाचट पेटवू नये. जमिनीच्या कसासाठी हे कृषी खाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे. पेटलेल्या फडात पिल्लांना पळता येत नाही हे त्याचे आणखी एक कारण.


चंदगडी

यात मी माझ्याकडून एवढे जोडतो. फड ओढ्याच्या विरुद्ध बाजूने तोडायला सुरुवात करावी, म्हणजे आतले प्राणी गावाकडे किंवा रस्त्याकडे न ढकलले जाता ओढ्याकडे निघून जातात. मुकादमाला आधी सांगितले तर तो ऐकतो, वाहतुकीची वाट तेवढी मोकळी हवी. पिल्ले सापडलीच तर हात लावू नये, वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावावा आणि वनरक्षक येईपर्यंत कुत्री बांधून ठेवावीत. पिल्ले घरी नेऊन गाईचे दूध पाजणारे लोक मी पाहिले आहेत. ती पिल्ले जगत नाहीत आणि पहिल्या अनुसूचीतील प्राणी घरात ठेवणे हा गुन्हाही आहे.


सिरसीची सून

आमच्याकडे या वर्षी पंचायतीने उप्पगे पिकल्याशिवाय उतरवायचे नाही असा ठराव केला आहे. तो किती पाळला जातो ते पावसाळा संपल्यावर याच धाग्यावर लिहीन. चंदगडीदादांच्या फडातील कॅमेऱ्याची छायाचित्रे वनरक्षकांकडून मिळाली, तर शेपटी पाहून ती कोणती वाघाटी हेही ठरवता येईल.


चंदगडी

मागितली आहेत. आली की येथे टाकतो.